सोळाव्या दिवशी पाव हिस्सा उरतो

१९९२ साल. माझं वय चोपन्न. शिक्षण तिसरी पास, चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो आणि खात्यात सगळे मला दादा म्हणायचे. कुणाला गळ्याच्या गाठीसाठी किरणांचं औषध घ्यावं लागलं तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. औषधानं मला काही त्रास झाला नाही. त्रास माझ्या स्वभावानं झाला, आणि तो दुसऱ्यांना झाला. ते लिहायला लाज वाटते. म्हणून इतकी वर्षं लिहिलं नव्हतं.

सुरुवात हातांपासून झाली. चहाची बशी उचलली की कपाशी टकटक वाजायची. कँटीनमध्ये एकजण म्हणाला, "दादा, कालची अजून उतरली नाय काय?" सगळे हसले. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. दर पौर्णिमेला विहारात उभा राहून पंचशील म्हणणारा माणूस मी. त्या दिवसापासून मी कँटीनचा चहा सोडला आणि हात खिशात ठेवायला लागलो.

मग वजन उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. भूक मात्र वाढलेली, चार भाकऱ्या खाऊनही पोट रिकामं. छाती धडधडायची, घाम यायचा, आणि राग तर असा यायचा की समोरचा शिंकला तरी अंगावर जावं. माझी बायको कमल म्हणायची, "अवो, दवाखान्यात चला. डोळं बघा कसं भायेर आल्यात." मी म्हणायचो, "मला काय झालंय? तूच जा." असे आठ महिने काढले.

शेवटी मुलानं, अनिलनं, एका सुट्टीच्या दिवशी रिक्षा दारात आणून उभी केली आणि सरळ उल्हासनगरला नेलं. तिथले डॉक्टर सिंधी, म्हातारे, बोलायला मोकळे. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"पियो साईं. धीरे धीरे."

मी प्यायलो. ते माझ्या गळ्याकडे बघत होते.

"ये गला कबसे फुगा हुआ है?"

"फुगलेला नाही. माझा गळा असाच आहे."

"अच्छा! जन्मापासून?" ते अनिलकडे बघून हसले. "तुझे बाबा डॉक्टरला शिकवतात रे."

रक्त तपासलं. निघाला थायरॉइड. गळ्यातली गाठ गरजेपेक्षा जास्त काम करते आणि सगळ्या अंगाला पळवते, असं त्यांनी सांगितलं. खरं लिहितो, मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, आपली गाठसुद्धा ओव्हरटाइम करते.

गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत हात थांबला, वजन भरलं. मग मी गोळ्या बंद केल्या. कुणाला विचारलं नाही. बरा झालेला माणूस गोळ्या कशाला खाईल? दोन महिन्यांत सगळं परत आलं आणि दुपटीनं आलं. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं ठरलं की किरणांचं औषध प्यायचं. ते गाठीत जाऊन बसतं आणि आतून तिला शांत करतं.

*

माझी गाठ मोठी, डोस मोठा, म्हणून दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं. औषध जाड शिशाच्या डब्यातून आलं. आत एवढीशी बाटली, तिला नळी. आणणारा माणूस हातभर लांब उभा. चव विचाराल तर पाण्याची. एवढ्याशा पाण्याला एवढा बंदोबस्त बघून मला हसू आलं.

पण पहिलं ताट आलं तेव्हा हसू गेलं. ताट दाराशी ठेवलं, दार वाजवलं आणि माणूस मागं सरला. मी वाकून ते उचललं.

आता ज्याला हे कळणार नाही त्याच्यासाठी लिहितो. माझ्या लहानपणी गावात हॉटेलाच्या मागल्या भिंतीला एक कप खुंटीला टांगलेला असायचा. तो आमचा. माझे वडील तो स्वतः काढायचे, स्वतः धरायचे, चहा वरून ओतला जायचा आणि पिऊन झाल्यावर स्वतः विसळून परत खुंटीला. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. त्यानंतर मी कुणाच्या वेगळ्या कपात प्यायलो नाही. आणि आता इस्पितळात वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळा संडास, लांब उभं राहून बोलणं. डोक्याला समजत होतं की हे औषधामुळे आहे. छातीला समजत नव्हतं.

एक सिस्टर होती, केरळची. ती दारात उभी राहून दर जेवणानंतर विचारायची, "बाबा, आज कुठली भाजी आवडली नाही?" मी म्हणायचो, "सगळ्याच." ती म्हणायची, "मग बरे होताय." तिचं नावही विचारलं नाही मी. तेवढाच त्या दोन दिवसांतला आधार होता.

सुटायच्या दिवशी किरणं मोजणारे साहेब आले. त्यांच्या हातात एक यंत्र, ते टिकटिक करायचं. माझ्याजवळ आणलं की टिकटिक इतकी दाट व्हायची की कढईत मोहरी तडतडावी.

"घरात लहान मूल आहे?"

"नात आहे. नऊ महिन्यांची."

"मग चार आठवडे तिला जवळ घ्यायचं नाही. मांडीवर नाही, शेजारी झोपणं नाही. हे औषध आठ दिवसांत अर्धं होतं, मग उरलेल्याचं अर्धं, असं कमी होत जातं. समजलं?"

"समजलं."

मला फक्त 'आठ दिवसांत अर्धं' एवढंच ऐकू आलं होतं. पण 'समजलं का' या प्रश्नाला तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी नाही म्हटलं नव्हतं. तिथं तरी कसं म्हणणार?

*

आमचं घर चाळीतलं, दोन खोल्यांचं. तिथं लांब राहणार कुठं? पण पालेगावात आम्ही एक खोली बांधायला काढली होती. भिंती आणि पत्रा झाला होता, गिलावा व्हायचा होता. तिथं खाट टाकली.

कमल दोन वेळा डबा आणायची. अंगणातल्या दगडावर ठेवायची आणि निंबाखाली जाऊन बसायची. तिथून ओरडून बोलायची.

"भाजीत मीठ हाय का बरोबर?"

"आहे!"

"मोठ्यानं बोला की!"

"आहे म्हटलं ना!"

"अवो, मोठ्यानं म्हंजे भांडून न्हवं. गावाला वाटंल नवरा-बायकोचं वाजलंय."

माझी सून सुजाता. बी. एस्सी., गणित घेऊन. उल्हासनगरच्या हायस्कुलात शिकवायची. आमच्या चाळीत पदवी झालेली पहिली सून माझ्या घरात आली होती आणि हे मी येईल त्याला सांगायचो. विहारात पोरांपुढं बोलायला उभा राहिलो की म्हणायचो, "शिका रे, माझी सून बघा." तिचे वडील बदलापूरला बेलवलीत राहायचे. त्यांनी कारकुनी करून तीन मुलींना शिकवलं.

पहिल्या रविवारी सुजाता कमलबरोबर आली. हातात आलेखाचा कागद, चौकटी-चौकटींचा. त्यावर तिनं एक रेघ काढली होती, घसरगुंडीसारखी. तिनं तो दगडावर ठेवला आणि लांब उभी राहून समजावायला लागली.

"बाबा, खाली दिवस लिहिलेत, बाजूला औषध. आठव्या दिवशी अर्धं. सोळाव्याला त्या अर्ध्याचं अर्धं, म्हणजे पाव. चोविसाव्याला पावाचं अर्धं. कळतंय?"

"पुढं बोल."

"इस्पितळानं चार आठवडे सांगितलेत. आपण बत्तीस दिवस धरू. शरीरातून लघवीवाटे अजून लवकर जातं, पण ते धरायचं नाही. म्हणजे चुकलो तरी बाळाच्या भल्याचं चुकू."

"मग संपणार कधी?"

"हिशेबानं कधीच संपत नाही, बाबा. रेघ खाली खाली जाते, पण जमिनीला टेकत नाही."

"म्हणजे मी जन्मभर असाच?"

"नाही हो! इतकं थोडं उरतं की असून नसल्यासारखं."

"असून नसल्यासारखं म्हणजे नाहीच की."

"सोळाव्या दिवशी तसं नसतं, बाबा. तेच सांगतेय."

मी मान हलवली. ती गेल्यावर कागद उचलून पुष्कळ बघितला. ज्याला शेवट नाही असलं कसलं गणित? कारखान्यात टँकर अर्ध्या तासात अर्धा उतरला की पुढच्या अर्ध्या तासात रिकामा होतो. पंप तोच, वेग तोच. हे मी तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं. आठ दिवसांत अर्धं गेलं, तर उरलेलं अर्धं पुढच्या आठात जाणार. आठ आणि आठ सोळा. पोरगी घाबरलीय म्हणून वाढवून सांगते, असं मी ठरवून टाकलं. पुन्हा विचारायला हवं होतं. पण सुनेला विचारायचं, तेही आकड्यातलं, हे मला जमलं नाही.

*

सोळाव्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पालेगावातून चालत घरी आलो.

दार उघडं होतं. मैत्री, माझी नात, उंबऱ्याशी रांगत होती. मला बघून तिनं दोन्ही हात वर केले. मी उचललं. तिनं गळ्याला मिठी मारली आणि गाल नेमका त्या गाठीवर टेकवला.

आतून सुजाता आली. हातातली परात तिथंच टाकली.

"बाबा! खाली ठेवा तिला! आधी खाली ठेवा!"

"झाले सोळा दिवस. संपलं."

"संपलं नाही, पाव उरलंय! मी सांगितलं होतं ना? द्या इकडे."

ती पुढं आली तसा मी पाठ फिरवली. शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. त्यांच्यासमोर सून माझ्यावर ओरडत होती, एवढंच मला दिसत होतं.

"तुझं गणित शाळेतल्या पोरांना शिकव. मला नको."

"बाबा, पाया पडते, तिला सोडा. शिवू नका तिला आत्ता."

'शिवू नका' म्हणाली. आणि मी जे बोललो ते इथं लिहितो, कारण लपवलं तर या लिहिण्याला काही किंमत नाही.

मी म्हणालो, "शिवू नका? वेगळं ताट दिलंस, वेगळा पेला दिलास, गावाबाहेर ठेवलंस. माझ्या बापाला जे त्या लोकांनी केलं ते तू मला करतेस? शिकून हेच शिकलीस? घाल ते शिक्षण चुलीत!"

ती आमच्याच समाजातली मुलगी. तिच्या आजोबांचाही कप कुठल्यातरी खुंटीला टांगलेला असणार. तिला मी हे बोललो. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही. रडली नाही ती. नुसती हात पुढं करून उभी राहिली.

आणि मी नात लगेच दिली नाही. मुद्दाम कडेवर ठेवली. पाच मिनिटं असतील, जास्तही असतील. उचललं होतं मायेनं, धरून ठेवलं हट्टानं. डॉक्टरांनी पुढं सांगितलं की या आजारात माणूस चिडका होतो. होत असेल. पण शब्द माझे होते, त्याचं खापर मी गाठीवर फोडणार नाही.

शेवटी कमल आली. तिनं माझ्या हातातून पोर काढून घेतली आणि मला म्हणाली, "तोंडाला आवरा." लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, त्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी सुजाता मैत्रीला घेऊन बेलवलीला माहेरी गेली. अनिल शिफ्टवरून आला, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "बाबा, चार दिवसांनी इस्पितळात बोलावलंय. तिथं मशीन सांगेल." कमलनं माझं ताट वेगळंच ठेवलं. वाढताना म्हणाली, "घर जिंकलं तुमी. बसा आता येकटंच."

चार दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मी बरोबर आहे. पण गालाची ती जागा गळ्याला जाणवायची. पाव उरलं असेल तर? त्या पोरीच्या एवढ्याशा गळ्यात गेलं असेल तर? कुणाला विचारू शकत नव्हतो. विचारलं असतं तर ते मान्य करण्यासारखं झालं असतं.

*

इस्पितळात तेच साहेब, तेच यंत्र. हातभर लांबून धरलं तेव्हा टिक... टिक... टिक. मी अनिलकडे बघितलं. मग त्यांनी ते गळ्याजवळ आणलं आणि ते पुन्हा बडबडायला लागलं. पहिल्यासारखं नाही, पण बडबडायला लागलं.

"अजून आहे?" मी विचारलं.

"असणारच. वीसच दिवस झालेत."

"सोळात संपतं ना? आठ आणि आठ?"

"कुणी सांगितलं काका?"

"मीच."

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून लांब बसले. "काम काय करता तुम्ही?"

"रंगाच्या कारखान्यात. हौद माझ्याकडे असतात."

"रंग बदलायचा असला की हौद धुता कसे?"

हे मला कुणी विचारलं की मी थांबत नाही. सांगितलं. आमच्या मोठ्या हौदाचा नळ मध्यावर आहे, तळाशी नाही. त्यामुळे दर वेळी अर्धं पाणी निघतं, अर्धं राहतं. मग ताजं भरायचं, ढवळायचं, पुन्हा सोडायचं.

"म्हणजे दोन पाण्यांत साफ?"

"कसलं साफ हो! दुसऱ्या पाण्यात कापड घातलं तर गुलाबी निघतं. पहिल्या पाण्याला रंग अर्धा होतो, दुसऱ्याला त्याचा अर्धा. नवीन माणूस दोन पाण्यांवर थांबतो आणि पुढचा माल नासवतो. मी शिव्या घालतो त्याला. पाच-पाच पाणी लागतात."

बोलून झालं आणि माझं मलाच ऐकू आलं.

अनिल खिडकीकडे बघत होता. मी खाली फरशीकडे. तीस वर्षं जे हातांनी केलं तेच सुजाता कागदावर सांगत होती. अडाणीपणा असता तर त्याला इलाज होता. मला ते येत होतं. फक्त तिच्याकडून घ्यायचं नव्हतं.

मग मी सोळाव्या दिवसाचं सांगितलं. उचललं ते सांगितलं, धरून ठेवलं तेही सांगितलं. साहेबांनी डॉक्टरीण बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा वेळात बाळाला काही होत नाही. घाबरू नका. आम्ही लांब ठेवायला सांगतो ते रोज-रोज, तासन्‌तास जवळ घेतात म्हणून." मी पाणी मागितलं. अनिलनं पाणी आणलं, पेला टेबलावर ठेवला आणि मागं सरकला. या वेळी मला तो कप आठवला नाही. बरोबर केलंस, असं वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेलवलीला निघालो. चालत. गाडीत कुणाच्या मांडीला मांडी लागते, म्हणून. आता सांगितलेलं सगळं पाळायचं ठरवलं होतं, न सांगितलेलंही. दोन ठिकाणी बसावं लागलं, पायांत जोर नव्हता.

व्याह्यांच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. बाहेर नळावर बाया होत्या. बरंच झालं. बोललो होतो चारचौघांत, तर हेही चारचौघांतच व्हायला हवं होतं.

"सुजाता!"

ती दारात आली. मागून व्याही आले. "या की व्याही, आत या."

"आत येत नाही. सुजाता, माझं चुकलं."

तिनं पदर खोचला. शाळेतल्या बाईसारखी माझ्याकडे बघत म्हणाली, "काय चुकलं, बाबा?"

ती मला सोडणार नव्हती. नळावरच्या बाया भांडी धरून थांबल्या होत्या.

"तुला बोललो ते चुकलं. तुझ्यासारखी शिकलेली घरात आहे म्हणून मिरवायचो, आणि शिकलेलं वापरलंस तर तोंड सोडलं. तू मला लांब ठेवलंस ते पोरीसाठी. ते मला कळत होतं. कळूनसुद्धा बोललो." मग म्हणालो, "आणि हिशेब चुकला."

"किती उरतं सोळाव्या दिवशी?"

मी रस्त्यातच उभा राहून म्हटलं, "शेरभर धर. आठव्या दिवशी अच्छेर. सोळाव्याला पावशेर. चोविसाव्याला अदपाव. बत्तिसाव्याला छटाक."

"आणि छटाकाच्या खाली?"

"त्याच्या खालचं माप आमच्या गावच्या वाण्याकडे नव्हतं."

नळावरची एक म्हातारी फिस्सकन हसली. सुजाता हसली नाही, पण तिच्या खांद्यांचा ताठा उतरला.

"आज एकविसावा दिवस," ती म्हणाली. "अकरा राहिले. मग येते घरी."

"अकरा. मी पालेगावातच राहतो तोवर. डबा दगडावर."

तेवढ्यात व्याह्यांच्या पत्नी मैत्रीला कडेवर घेऊन दारात आल्या. तिनं मला रस्त्यापलीकडे ओळखलं आणि दोन्ही हात पुढं करून ती झेपावायला लागली.

मी दोन पावलं मागं सरलो.